श्रीमंत शेजारी आणि घरची शाळा



शेजारी श्रीमंत असला म्हणजे कालांतराने आपणही सुखी होऊ, असे वाटणे साहजिक आहे. आयर्लंडचा अनुभव मात्र निराळा आहे. ब्रिटन अगदी समोरच्या किनाऱ्यावर. तरी १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत सुमारे चार लाख आयरिश माणसे पोटासाठी देशाबाहेर गेली.

१९५८ पासून त्या देशाने परकी भांडवलाला व व्यापाराला दारे उघडली. १९६७ साली माध्यमिक शिक्षण मोफत केले. १९७३ साली तो ब्रिटनसह युरोपीय आर्थिक समुदायात शिरला. एवढे करूनही १९८० नंतर बेकारी वाढली आणि तरुण पुन्हा परदेशची वाट धरू लागले. परंतु पुढे परकी कारखाने आले, तेव्हा शिकलेली पिढी तयार होती. शतक संपता संपता आयर्लंडने दरडोई उत्पादनात ब्रिटनला गाठले. त्या आकड्यांत परकी कंपन्यांचा नफाही धरलेला आहे, हे खरे; तरी सामान्य माणसाचे राहणीमानही सुधारले, हेही तितकेच खरे.

भांडवल बाहेरून आणता येते. विद्या घरीच पेरावी लागते.

माझ्या वर्गातील एका हुशार मुलीचे नाव नववीतच काढण्यात आले. “शिकून काय मिळणार, गुरुजी?” असे तिच्या वडिलांनी मला विचारले. या प्रश्नाचे उत्तर यावयास वीस-पंचवीस वर्षे लागतात, आणि गरीब घराला तेवढा धीर एकट्याने धरवत नाही. तो धीर देणे हेच आपल्या शिष्यवृत्ती-निधीचे कार्य होय. तो निधी वाढवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.