चौकशी, साक्ष आणि दप्तर

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शतकमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर नाहीतर कादंबरीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज अमेरिकेतील एका चौकशीविषयी बोलणार आहे. निवडणुकीत पराभूत झालेल्या राष्ट्राध्यक्षाने तो निकाल उलटवण्याच्या प्रयत्नात नेमका कोणता वाटा उचलला, हे शोधण्यासाठी ती चौकशी झाली. हा विषय ग्रंथालयात मांडण्याचे कारण एवढेच, की त्या सगळ्या प्रकरणातून अखेर जे शिल्लक राहिले ते कागद आहेत, आणि कागद सांभाळणे हे आपल्या संस्थेचे शंभर वर्षांचे व्रत आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. अमेरिकेत ३ नोव्हेंबर २०२० रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. तेथे प्रत्येक राज्याचे ठरावीक निर्वाचक असतात. त्यांची एकूण संख्या ५३८, आणि विजयासाठी २७० मते लागतात. जो बायडन यांना ३०६ आणि त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना २३२ मते मिळाली. हे निर्वाचक डिसेंबरमध्ये आपापल्या राज्यांत मतदान करतात, त्यांचे लखोटे वॉशिंग्टनला जातात आणि ६ जानेवारीला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत ते उघडून मोजले जातात. बैठकीचे अध्यक्षस्थान उपराष्ट्राध्यक्षांकडे असते. एरवी हा उपचार कोणाच्या ध्यानीमनीही नसतो.

ट्रम्प यांनी पराभव मान्य केला नाही. निवडणुकीत अफरातफर झाली, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी व त्यांच्या समर्थकांनी साठांहून अधिक दावे न्यायालयांत दाखल केले आणि ते जवळजवळ सर्व फेटाळले गेले. न्यायालयात जाणे हा कोणत्याही उमेदवाराचा हक्क आहे. प्रश्न पुढचा आहे. सात राज्यांत, जेथे बायडन विजयी झाले होते तेथे, ट्रम्पपक्षीय मंडळींनी स्वतःलाच निर्वाचक म्हणवून वेगळी प्रमाणपत्रे तयार केली. २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी जॉर्जिया राज्याचे सचिव ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना दूरध्वनी केला आणि आपल्याला ११,७८० मते शोधून हवी आहेत, असे सांगितले. त्या राज्यात त्यांचा पराभव झाला होता ११,७७९ मतांनी. हे संभाषण ध्वनिमुद्रित झाले आणि दुसऱ्याच दिवशी जगाने ऐकले. उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी मोजणीच्या वेळी काही राज्यांची मते बाजूला ठेवावीत, असा दबाव त्यांच्यावर आला. आपल्याला तसा अधिकार नाही, हे पेन्स यांनी लेखी कळवले. ६ जानेवारीला ट्रम्प यांच्या सभेनंतर जमाव संसदभवनात घुसला, सुमारे १४० पोलीस जखमी झाले, मोजणी थांबली, आणि ती पूर्ण झाली ७ जानेवारीच्या पहाटे.

आता चौकशीकडे वळू. महाभियोगाचा ठराव प्रतिनिधिगृहाने १३ जानेवारीस २३२ विरुद्ध १९७ मतांनी संमत केला. सिनेटमध्ये ५७ सदस्यांनी दोषी आणि ४३ सदस्यांनी निर्दोष असे मत दिले. दोनतृतीयांश मते न मिळाल्याने ट्रम्प निर्दोष ठरले. त्यानंतर दोन्ही पक्षांच्या संमतीने स्वतंत्र आयोग नेमावा, असे विधेयक आले. प्रतिनिधिगृहाने ते मंजूर केले, परंतु सिनेटमध्ये ६० मतांची अट पुरी झाली नाही आणि ते मे २०२१ मध्ये बारगळले. तेव्हा ३० जून २०२१ रोजी प्रतिनिधिगृहाने स्वतःची निवड समिती स्थापली. विरोधी पक्षाने सुचवलेल्या दोन नावांना सभापतींनी नकार दिला, त्यावर त्या पक्षाने उरलेली नावेही मागे घेतली. परिणामी नऊ सदस्यांच्या समितीत ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचे दोघेच राहिले, लिझ चेनी आणि अ‍ॅडम किन्झिंगर, आणि दोघेही ट्रम्पविरोधी. साक्षीदारांची उलटतपासणी घेणारा बचावपक्ष या समितीपुढे नव्हता. हे वैगुण्य मोठे आहे. या चौकशीची थोरवी सांगताना ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

हे वैगुण्य असतानाही तिच्या कामाला वजन आले ते तिच्या पद्धतीमुळे. अध्यक्ष बेनी थॉम्पसन आणि उपाध्यक्ष लिझ चेनी यांच्या या समितीने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. जून २०२२ पासून ज्या जाहीर सुनावण्या झाल्या, त्यांत बोलणारे बहुतेक महत्त्वाचे साक्षीदार ट्रम्प यांच्याच गोटातले होते: त्यांचे महान्यायवादी विल्यम बार, न्यायखात्याचे अधिकारी, पेन्स यांचे वकील, अध्यक्षांच्या कचेरीतील कर्मचारी. अ‍ॅरिझोना विधानसभेचे सभापती रस्टी बोवर्स यांची साक्ष विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ते रिपब्लिकन, ट्रम्प विजयी व्हावेत या इच्छेचे. राज्याचे निर्वाचक बदला, अशी गळ त्यांना घातली गेली तेव्हा त्यांनी एकच मागणी केली: पुरावा दाखवा. पुरावा आला नाही आणि त्यांनी नकार दिला. आपल्या पक्षाविरुद्ध नव्हे, घेतलेल्या शपथेविरुद्ध जाण्यास हा नकार होता. २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ते पराभूत झाले. चेनीही त्याच वर्षी पराभूत झाल्या. खरे बोलण्याची किंमत मोजणारे लोक एकाच देशात जन्मतात असे नाही, पण ती किंमत इतक्या उघडपणे, मतपत्रिकेवर, मोजली गेल्याची उदाहरणे थोडी.

नेत्याची भूमिका शोधायची म्हणजे काय शोधायचे? या चौकशीतून मला तीन प्रश्न दिसतात. त्याला ठाऊक काय होते? त्याने केले काय? आणि करण्याजोगे असूनही त्याने केले नाही ते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बार यांच्यासारख्यांच्या साक्षीत आहे: निकाल बदलेल एवढी अफरातफर आढळली नाही, हे त्यांनी ट्रम्प यांना सांगितले होते. दुसऱ्याचे उत्तर दूरध्वनींत, पत्रांत आणि त्या सात राज्यांच्या प्रमाणपत्रांत आहे. तिसऱ्या प्रश्नाला समितीने २१ जुलै २०२२ ची पूर्ण सुनावणी दिली. सभेतील भाषण संपल्यापासून लोकांना घरी जाण्यास सांगणारी चित्रफीत प्रसृत होईपर्यंत १८७ मिनिटे लोटली. या मिनिटांत राष्ट्राध्यक्ष कोठे होते, कोण कोण त्यांची विनवणी करीत होते, याचा घड्याळाबरहुकूम हिशेब मांडला गेला. मौनाचाही जमाखर्च लिहिता येतो, हे त्या दिवशी दिसले.

यातला कठीण भाग हेतूचा. त्या दिवशीच्या भाषणात शांततेने जा, असे शब्द होते आणि प्राणपणाने लढा, या अर्थाचेही शब्द होते. त्यांचे समर्थक पहिल्याकडे बोट दाखवतात, टीकाकार दुसऱ्याकडे. मराठी माणसाला येथे ‘ध’चा ‘मा’ आठवल्यावाचून राहत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांचा हुकूम ‘धरावे’ असा होता आणि तो ‘मारावे’ असा केला गेला, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती आख्यायिका आहे, पुरावा नव्हे. परंतु तिच्यात लोकमानसाने एक मर्म पकडले आहे: सत्ताधीशाच्या अपराधाचा निर्णय पुष्कळदा एका शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपतो. रामशास्त्री प्रभुणे यांनी गादीवर बसलेल्या राघोबादादांना दोषी ठरवले, याबद्दल आपण त्यांचे नाव आदराने घेतो. निवाड्यानंतर लगेच शिक्षा झाली नाही. राहिला तो निवाडा, आणि तो आपण विसरलो नाही.

अमेरिकेतही कागदाची कथा अशीच बोलकी आहे. तेथे १९७८ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे ही राष्ट्राची मालमत्ता असते. ती राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातात. समितीने ती मागितली, ट्रम्प यांनी हरकत घेतली, आणि १९ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती हरकत मान्य करण्यास नकार दिला. कागद आले. त्यांतले काही फाडलेले होते. काही फाटके तुकडे कचेरीतील दप्तर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी चिकटपट्टीने जोडले होते, असे अभिलेखागारानेच जाहीर केले. मित्रहो, ज्यांची नावे कोणालाही माहीत नाहीत अशा त्या कारकुनांकडे आपण ग्रंथालयाच्या माणसांनी बंधुभावाने पाहावे. त्यांनी कोणावर आरोप केला नाही, कोणाचा बचाव केला नाही. तुकडा तुकड्याला जोडला, एवढेच.

अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठशेहून अधिक पानांचा. समितीने चार गुन्ह्यांबाबत कारवाईची शिफारस केली. त्याच महिन्यात १८८७ च्या मतमोजणी कायद्यात दुरुस्ती झाली: उपराष्ट्राध्यक्षांचे काम केवळ औपचारिक आहे, हे स्पष्ट झाले आणि हरकत घेण्यासाठी प्रत्येक सभागृहातील एकपंचमांश सदस्यांची अट आली. ६ जानेवारी २०२५ रोजी या नव्या कायद्याखाली मोजणी झाली. पराभूत उमेदवार असलेल्या उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी स्वतःच्याच पराभवाचे आकडे शांतपणे वाचून दाखवले.

शिक्षेची कथा मात्र निराळी. १ ऑगस्ट २०२३ रोजी विशेष अभियोक्ता जॅक स्मिथ यांनी ट्रम्प यांच्यावर चार आरोप ठेवले. ट्रम्प यांनी ते नाकारले. १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी माजी राष्ट्राध्यक्षांना अधिकृत कृत्यांबाबत व्यापक संरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले आणि त्याच महिन्यात खटला काढून घेण्यात आला. २० जानेवारी २०२५ रोजी शपथ घेताच त्यांनी ६ जानेवारीच्या प्रकरणातील सुमारे दीड हजार लोकांना माफी दिली. जॉर्जियातील खटलाही नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द झाला. म्हणजे कोणत्याही न्यायालयाने त्यांना या प्रकरणी दोषी ठरवले नाही, आणि पुराव्यांची छाननी करून निर्दोषही ठरवले नाही. ब्राझीलमध्ये नेमके उलट घडले. तेथे २०२२ ची निवडणूक हरलेले राष्ट्राध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये सत्ता उलथवण्याच्या कटाबद्दल २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा ठोठावली. दोन देश, जवळजवळ सारखे प्रसंग, आणि शेवट दोन टोकांचे.

मग अमेरिकेतील ती चौकशी वाया गेली काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच देशाकडे पाहावे. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली, आणि २५ जूनला आणीबाणी आली. आणीबाणीतील गैरप्रकारांची चौकशी करण्यास १९७७ मध्ये न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. इंदिराजींनी त्याच्यापुढे शपथेवर साक्ष देण्यास नकार दिला. आयोगाचे तीन अहवाल १९७८ मध्ये आले. १९८० मध्ये त्या पुन्हा सत्तेवर आल्या, आणि पुढे त्या अहवालाच्या प्रती मिळेनाशा झाल्या. प्रती मुद्दाम गोळा केल्या गेल्या, असा आरोप वर्षानुवर्षे होत राहिला. तमिळनाडूतील संसदपटू इरा सेळियन यांनी स्वतःजवळ जपलेल्या प्रतीवरून तो अहवाल २०१० मध्ये पुन्हा छापला. एका माणसाच्या कपाटात एक प्रत होती, म्हणून एका राष्ट्राला स्वतःचा इतिहास पुन्हा वाचता आला.

चौकशीचे काम आणि शिक्षेचे काम वेगळे आहे. शिक्षा न्यायालयाच्या, मतदाराच्या, कधी केवळ काळवेळेच्या हाती असते. चौकशीच्या हाती एवढेच असते की माणसांना शपथ घालून विचारावे, उत्तर लिहून घ्यावे, त्यावर तारीख घालावी आणि ते सर्वांना वाचता येईल असे ठेवावे. ‘साक्षी’ या शब्दात ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो साक्षी. पाहणारा माणूस जातो. त्याचे पाहणे टिकते ते लिहिले गेले तर, आणि लिहिलेले टिकते ते कोणी सांभाळले तर.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, राजाश्रय गेल्यावरही आणि शासनाची भाषा बदलल्यावरही, या ग्रंथालयाने मराठी पुस्तके, नियतकालिके, वृत्तपत्रांच्या संचिका शंभर वर्षे जपल्या. त्यांत आपल्याला न पटणाऱ्या मतांचीही आहेत. ती काढून टाकावीत, असा मोह प्रत्येक पिढीला कधी ना कधी होतो. माझी आपणांस विनंती आहे की पुढील शंभर वर्षांत तो मोह टाळावा. अमेरिकेतील त्या अहवालाचा उद्याचा वाचक ट्रम्प यांचा चाहता असेल किंवा कठोर टीकाकार. दोघांनाही ती साक्ष मुळातून वाचून आपले मत बनवता आले पाहिजे. त्यासाठी कपाटात पुस्तक हवे, आणि कपाटाची किल्ली कोणा एका पक्षाच्या कमरेला असता कामा नये.