चाचणीतले शून्य



आपल्या जिल्ह्याचा आणि परीक्षांचा संबंध जुना आहे. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या परभणीच्या मुलाला पदवीसाठी इतिहासदेखील उर्दूत लिहावा लागे. परीक्षक विषय तपासी की भाषा, हे त्याचे त्यालाच ठाऊक! पुढे १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले आणि १९९४ साली विद्यापीठ नांदेडपर्यंत आले. भाषेची अडचण गेली, अंतर गेले. पंचांग मात्र जुळले नाही.

दिवाळीच्या सुमारास गंगाखेडकडच्या वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. इकडे कापूस वेचणीला आलेला असतो. नेमक्या त्याच दिवसांत महाविद्यालयात पहिले सत्र संपत येते. चाचण्या, वह्या, तोंडी परीक्षा, सारे एकदम.

मी शिकवीत असताना एका मुलीला चाचणीत शून्य दिले. ती गैरहजर होती. नियमाला धरूनच होते. लेखी परीक्षेपुरती ती गावी आली आणि वर्गात दुसरी आली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "सर, उचल घेतलेली होती. आई आजारी पडली, मग बापाच्या जोडीला मीच गेले." ऊसतोडीत कोयता म्हणजे दोन माणसे. एक कमी पडले की मुकादमाचा हिशेब बिघडतो.

लेखी पेपरावर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. गरिबाच्या मुलाला ही आंधळी परीक्षाच पुष्कळदा न्याय देते. अंतर्गत गुण देणारा मात्र मुलाचा सदरा पाहतो, बोली ऐकतो. शुद्ध बोलणाऱ्याला मीही एखादा गुण अधिक दिला असेन. नाही असे छातीठोक सांगता येत नाही. वर्षभराचे काम मोजावे, हा या गुणांचा हेतू चांगलाच आहे. पण वर्षभर वर्गात बसता येणे हीच काही घरांत चैन असते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. मोठी गोष्ट झाली. परंतु गैरहजेरीच्या शून्याला उत्तरपत्रिकाच नसते. ती मुलगी पाहणार काय?

दुसऱ्या वर्षी मी चाचणी दसऱ्यापूर्वीच उरकली. सहकारी म्हणाले, अभ्यासक्रम अर्धाही झालेला नाही. खरे होते. झाला होता तेवढ्यावरच प्रश्न काढले. त्या दिवशी वर्गात एकही बाक रिकामे नव्हते.