जनपद ते जिल्हा : सौंसर-पांढुर्ण्याच्या स्थानिक स्वराज्याची कथा

नागपूरहून निघून सावनेर मागे टाकले की रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक सौंसरवरून छिंदवाड्याकडे चढत जातो, तर दुसरा पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतुलकडे वळतो. दोन्ही वाटांवर महाराष्ट्राची सीमा संपून मध्य प्रदेशाची सुरू होते. परंतु हा बदल प्रवाशाला शेतांवरून कळत नाही आणि लोकांच्या बोलण्यावरूनही कळत नाही. संत्र्याच्या बागा, कापसाची शेते, पोळ्याचा सण आणि मराठी बोली ही दोन्हीकडे सारखीच. फरक दिसतो तो सरकारी पाट्यांवर. सीमेच्या अलीकडे पंचायत समिती असते, पलीकडे जनपद पंचायत. अलीकडे नगरसेवक असतो, पलीकडे पार्षद. हा केवळ शब्दांचा फेर आहे असे वाटणे साहजिक आहे. तथापि ह्या शब्दांमागे स्थानिक कारभाराचा सुमारे दीड शतकाचा इतिहास उभा आहे, आणि २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यामुळे त्या इतिहासाकडे पुन्हा एकदा पाहण्याची वेळ आली आहे.

हा मुलूख प्रथम देवगडच्या गोंड राजांचा व पुढे नागपूरकर भोसल्यांचा. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि सौंसर ही छिंदवाडा जिल्ह्याची दक्षिणेकडील तहसील ठरली. गावचा कारभार मालगुजार, मुकद्दम आणि कोटवार ह्यांच्या हाती होता. मालगुजार सारा गोळा करी, मुकद्दम गावाच्या सुव्यवस्थेला आणि स्वच्छतेला जबाबदार असे, आणि कोटवार पहारा ठेवून जन्म-मृत्यूची वर्दी देई. गावात मान ह्यांना होता, पण त्यांना निवडण्याचा अधिकार रयतेला नव्हता.

लॉर्ड रिपन ह्यांनी १८८२ च्या मे महिन्यात स्थानिक स्वराज्याविषयीचा आपला प्रसिद्ध ठराव काढला. लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळावे हा त्या ठरावाचा मुख्य हेतू होता. कारभार प्रथमपासून निर्दोष होईल अशी अपेक्षा त्यात नव्हती. त्याला अनुसरून मध्य प्रांतात १८८३ साली स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि जिल्ह्यासाठी डिस्ट्रिक्ट कौन्सिल व तिच्या हाताखाली लोकल बोर्डे निर्माण झाली. ह्या बोर्डांवर मुकद्दमांचे व व्यापारी वर्गाचे प्रतिनिधी येत आणि काही सभासद सरकार नेमी. रस्ते, शाळा, दवाखाने, गुरांचे कोंडवाडे अशी कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. सामान्य कुळाला व शेतमजुराला मात्र ह्या व्यवस्थेत मत नव्हते.

शहरांची स्थिती ह्याहून फारशी निराळी नव्हती. १९०१ च्या शिरगणतीत पांढुर्ण्याची वस्ती सुमारे नऊ हजार भरली. कापसाच्या व्यापारामुळे गाव वाढत होते आणि सरकी काढण्याचे कारखाने तेथे उभे राहत होते. असे असूनही त्या काळात पांढुर्णा नगरपालिकेचे गाव नव्हते. स्वच्छतेपुरता एक निधी गावकऱ्यांकडून गोळा केला जाई, एवढेच. कर देणारा नागरिक होता, पण तो कर कसा खर्च करावा हे ठरविणारी सभा नव्हती. १९१९ च्या राजकीय सुधारणांनंतर हे चित्र थोडे पालटले. स्थानिक स्वराज्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे आले. मध्य प्रांतात १९२० साली स्थानिक स्वराज्याचा व ग्रामपंचायतींचा असे दोन कायदे झाले आणि १९२२ साली नगरपालिकांचा नवा कायदा झाला. निवडणुकीचे तत्त्व रुजले, मतदारांची संख्या वाढली. पैशाची चणचण मात्र कायम राहिली.

स्वातंत्र्यानंतर लगेच ह्या प्रांताने जो प्रयोग केला, तो देशातील स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात विशेष मानला जातो. पंडित रविशंकर शुक्ल ह्यांच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री पंडित द्वारकाप्रसाद मिश्र हे होते. त्यांच्या योजनेनुसार १९४८ च्या कायद्याने जुन्या डिस्ट्रिक्ट कौन्सिली व लोकल बोर्डे रद्द झाली आणि त्यांच्या जागी तहसिलीच्या पातळीवर जनपद सभा आल्या. जिल्हा हा लोकांना दूरचा आणि गाव हे फार लहान. म्हणून तहसील हेच लोकसत्तेचे खरे ठाणे व्हावे, असा त्यामागील विचार होता. सरकारी महसूल अधिकारी हाच सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी असावा, म्हणजे सरकारची यंत्रणा हळूहळू लोकसभेच्या चाकोरीत येईल, अशीही अपेक्षा होती. त्या वेळी प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे काटोल तहसिलीला आणि सौंसर तहसिलीला एकच कायदा व एकच नमुना लागू होता. ‘जनपद’ हा शब्द तेव्हा नागपूर जिल्ह्यातील मराठी माणसाच्याही तोंडी होता.

नमुना चांगला, पण पैसा कोठून आणावयाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना काय घडते, हे सौंसरच्या शेजारच्याच छिंदवाडा जनपदाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्या भागात कोळशाच्या खाणी आहेत. जनपदापूर्वी तेथे खाणींच्या क्षेत्रासाठी एक स्वतंत्र लोकल बोर्ड होते आणि त्याने १९३५ साली कोळशावर टनामागे तीन पै कर बसविला होता. पुढे हा कर वाढत वाढत नऊ पैंवर गेला. एका आण्याच्या बारा पै होत, हे लक्षात घेतले म्हणजे टनामागे हा आकार किती अल्प होता ते कळते. जनपद सभेने बोर्डाचा वारसा घेतला आणि नऊ पैंप्रमाणेच वसुली चालू ठेवली. खाणमालक न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि आवश्यक त्या मंजुरीवाचून केलेली वाढ बेकायदा ठरली. तीन पैंपुरताच कर ग्राह्य झाला. तेव्हा मध्य प्रदेश विधिमंडळाने १९६४ साली वसुली वैध करण्यासाठी खास कायदा केला. पण १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने सभेच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायालयाचा निर्णय जसाच्या तसा फिरविण्याचा अधिकार विधिमंडळाला नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. वकिलांच्या दृष्टीने हा घटनात्मक तत्त्वाचा खटला होय. परंतु एका तहसिलीच्या लोकसभेला सहा पैंसाठी दशकाहून अधिक काळ भांडावे लागले आणि ती शेवटी हरली, ही गोष्टही त्यात आहेच. कायद्यातील मंजुरी घेण्याचे काम वेळीच झाले असते तर हा प्रसंग येता ना, हेही तितकेच खरे.

ह्याच काळात सौंसरच्या भोवतालची राजकीय सृष्टी बदलून गेली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्याबरोबर नव्या मध्य प्रदेशात राहिली. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. एका कायद्याखाली नांदणारे दोन शेजारी आता दोन वाटांनी निघाले. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीचा अहवाल स्वीकारून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू केल्या. तेथे बळ जिल्ह्याच्या पातळीवर आले आणि पंचायत समिती हा तिचा तालुक्यातील हात झाला. मध्य प्रदेशाने १९६१ साली नगरपालिकांचा आणि १९६२ साली पंचायतींचा कायदा केला; त्यात मधल्या पायरीला जनपद पंचायत हे जुनेच नाव मिळाले. काटोल-नरखेडकडे तो शब्द विस्मृतीत गेला. सौंसर आणि पांढुर्णा ह्या दोन विकासखंडांत तो आजही रोजच्या वापरात आहे.

शहरांच्या उत्पन्नाबाबतही दोन्ही राज्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. नाक्यावरची जकात, म्हणजे तिकडच्या बोलीत चुंगी, हा नगरपालिकांचा हुकमी पैसा होता. मध्य प्रदेशाने ती १९७६ साली उठविली आणि तिच्या जागी राज्य सरकारने स्वतः प्रवेश कर घेण्यास आरंभ केला. नाक्यावर गाड्या अडवून होणारा त्रास व लाचलुचपत थांबली, ही जमेची बाजू निर्विवाद आहे. परंतु त्याबरोबर गावाचे स्वतःचे उत्पन्न जाऊन त्याच्या जागी भोपाळहून येणारी भरपाई आली. नाक्यावरची वसुली कमी झाली तर पूर्वी नगरपालिका आपल्या माणसांना जाब विचारी. भरपाईचा हप्ता लांबला तर तिने कोणाला जाब विचारावा? पुढे १ जुलै २०१७ पासून प्रवेश करही वस्तू व सेवा करात विलीन झाला, आणि मूळ जकातीचा धागा गावापासून आणखी दूर गेला.

१९९३ साली झालेल्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांना प्रथमच घटनेचा आधार दिला. दर पाच वर्षांनी निवडणूक, स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आणि राज्याचा वित्त आयोग ह्या गोष्टी सरकारच्या मर्जीवर राहिल्या नाहीत. त्यानुसार नवा पंचायत कायदा करून १९९४ साली निवडणुका घेणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश अग्रभागी होता. पांढुर्ण्याच्या परिसरातील गोंड वस्तीच्या दृष्टीने हा बदल मोठा होय. ज्यांच्या पूर्वजांना १८८३ च्या बोर्डात मत नव्हते, त्यांच्या घरातील स्त्री आता सरपंचाच्या खुर्चीवर बसू शकते.

खुर्ची मिळाली म्हणजे अधिकार मिळालाच असे मात्र नव्हे, आणि येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. ग्रामसभेत लोक बोलतात मराठीत. सरकारी कागद असतो हिंदीत. हिंदी ही काही ह्या लोकांना परकी नाही. शाळेत ती त्यांनी शिकलेली असते व बाजारात ती रोज बोलली जाते. पण कराचा नियम, निविदेची अट किंवा ठरावातील एखादा शब्द नीट उमगणे निराळे. केंद्र सरकारने १९५६ साली भाषिक अल्पसंख्यांसाठी जी संरक्षणे मान्य केली, त्यांत एक तरतूद अशी होती की, ज्या जिल्ह्यात, नगरपालिकेत किंवा तहसिलीत असा गट पंधरा ते वीस टक्के असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. ह्या तरतुदीची आठवण ठेवून तिचा आग्रह धरणे हे स्थानिक संस्थांचेच काम आहे. जो नियम लोकांना वाचता येतो त्याबद्दलच ते प्रश्न विचारतात, आणि जी गोष्ट सौंसरच्या मराठी भाषकाला लागू आहे तीच पांढुर्ण्याच्या गोंडी भाषकालाही लागू आहे.

आता नव्या जिल्ह्याकडे वळले पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याची घोषणा झाली आणि ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर ह्या तहसिली छिंदवाड्यापासून अलग होऊन नवा जिल्हा अस्तित्वात आला. जुन्या रस्त्याने पांढुर्ण्याहून छिंदवाडा चोपन्न मैल. एका दाखल्यासाठी वा एका तारखेसाठी शेतकऱ्याचा पुरा दिवस तेथे जाई. ती पायपीट वाचली, हा लाभ सामान्य नव्हे. परंतु कलेक्टर कचेरी जवळ येणे ही एक गोष्ट आणि कारभार लोकांच्या हाती येणे ही दुसरी. पहिली सरकारी हुकमाने होते. दुसरी तशी होत नाही. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही तीरांवरून होणाऱ्या गोटमारीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. बंदीचे हुकूम निघाले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पोलिसांचा बंदोबस्त वाढला. तरी दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतातच. ही प्रथा बदलावयाची तर पांढुर्णा आणि सावरगाव येथील लोकांनीच एकत्र बसून तसे ठरविले पाहिजे. कचेरीतील शिक्क्याला ते साधणारे नाही.

लोकल बोर्ड गेले, जनपद सभा आली. तिच्या जागी जनपद पंचायत आली. आता जिल्हाही बदलला. प्रत्येक बदलाचा आराखडा कधी नागपुरात, कधी भोपाळात, तर कधी दिल्लीत तयार झाला. १८८२ च्या ठरावाने जो प्रश्न उभा केला होता तो ह्या सर्व बदलांतून आजवर शिल्लक राहिला आहे : ह्या संस्थेजवळ स्वतःचा पैसा आहे काय, आणि तिचा अधिकारी तिला जबाबदार आहे काय? आजही नगरपालिकेचा व जनपदाचा मुख्य अधिकारी राज्य सरकारचा असतो, आणि बहुतेक पैसा वरूनच येतो. ही स्थिती एका दिवसात पालटणार नाही. पण वार्डातील घरपट्टी वेळेवर भरणे, जमाखर्च ग्रामसभेत वाचून घेणे, ठराव समजेल अशा भाषेत लिहून मागणे आणि मतदानानंतरच्या पाच वर्षांत पार्षदाला व सरपंचाला विसरू न देणे, एवढे तरी नागरिकांच्या हाती आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या नव्या जिल्ह्यात ह्या साध्या गोष्टी घडू लागल्या, तर ‘जनपद’ ह्या जुन्या शब्दाला त्याचा अर्थ पुन्हा प्राप्त होईल.