वाढीचे संप्रेरक आणि रक्तातील पहारेकरी

मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक स्रवते. त्यायोगे मुलांची उंची वाढते, हे आपण जाणतोच. परंतु रक्तातील पांढऱ्या पेशीही या संप्रेरकाचा संदेश ग्रहण करतात. तो मिळाला म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतुनाशक द्रव्ये निर्माण करण्यास अधिक सज्ज होतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

म्हणून हे संप्रेरक टोचून घेतल्यास प्रतिकारशक्ती वाढेल, असा निष्कर्ष मात्र काढू नये. युरोपातील अत्यवस्थ रुग्णांना ते मोठ्या मात्रेत दिले असता मृत्यूंचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहारेकऱ्यास अकारण चिथावणे हिताचे नसते.

वर्गातील एखाद्या मुलाची उंची खुंटलेली दिसल्यास शिक्षकांनी पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. तपासणीत कमतरता किंवा अन्य ठरावीक वैद्यकीय कारण सिद्ध झाले, तरच हे संप्रेरक औषध ठरते. ताकदीची सुई म्हणून कोणी ते देऊ लागल्यास पंचायत सदस्यांनी लोकांना सावध करावे. निसर्गतः ते मुख्यत्वे गाढ झोपेत स्रवते. पुरेशी झोप, सकस आहार आणि वेळेवर लस, हाच निरोगी माणसाचा मार्ग होय.