पेशीचा मांडव आणि विस्मृतीचा गुंता



आजच्या विषयाची पत्रिका वाचून एका गृहस्थांनी मला वाटेतच गाठले आणि विचारले, "पेशी, जनुके, प्रथिने हे कॉलेजातल्या मुलांना ठीक आहे, आम्हां संसारी माणसांना त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देईन. आरंभ मात्र एका रानवेलीपासून करतो.

तलासरी तालुक्यात झरी नावाचे गाव आहे. 1945 सालच्या मे महिन्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांची मोठी सभा तेथे भरली, म्हणून हे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. मी तेथे गेलो तो भर पावसाळ्यात, झाडेझुडे पाहायला. एका कुंपणावर कळलावी फुलली होती. पाकळ्या बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल, जशा काही ज्वाळाच. तिला अग्निशिखा म्हणतात ते उगीच नव्हे. कंद पाहावा म्हणून मी वाकलो, तोच बरोबरच्या वारली म्हाताऱ्याने माझा हात धरला. त्या कंदात विष आहे हे त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून पूर्वी तो वापरीत, आणि त्यावरूनच वेलीला हे नाव पडले. हा प्रयोग जीवघेणा आहे. तो कोणीही करू नये.

या विषाचे नाव कॉल्चिसिन. अगदी थोड्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ते वातरक्तावर औषध म्हणून देतात. मात्रा वाढली की पेशींचे विभाजनच थांबते. ते का थांबावे? 1967 साली शिकागो येथे बोरिसी आणि टेलर या संशोधकांनी हे विष पेशीत नेमके कशाला चिकटते याचा माग काढला, आणि एक प्रथिन हाती लागले. त्यालाच पुढे ट्युब्युलिन हे नाव मिळाले. ट्युब्युलिनचे मणी एकावर एक रचले जाऊन पेशीत पोकळ नळ्या उभ्या राहतात. त्यांना आपण सूक्ष्मनलिका म्हणू. त्यांची जाडी इतकी थोडी की एका मिलिमीटरच्या रुंदीत अशा 40 हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील.

आता जरा वर पाहा. आपण ज्या मांडवात बसलो आहो, त्याला बांबूचे वासे आहेत आणि वाशांना जागोजाग सुंभाने आवळले आहे. पेशीतही असाच मांडव असतो. फरक एवढाच की तिथले वासे स्वस्थ राहत नाहीत. नळी वाढता वाढता एकाएकी ढासळते आणि पुन्हा वाढू लागते. हे मिचिसन आणि कर्शनर यांनी 1984 साली दाखवले. पेशी दुभंगायच्या वेळी जुना मांडव मोडून नवा घालावा लागतो, कारण गुणसूत्रांची वाटणी या नळ्यांच्याच आधाराने होते. कॉल्चिसिन हे वासे रचूच देत नाही. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिनही येथेच घाव घालते, आणि रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडलेल्या मुलांच्या उपचारात त्याचा मोठा उपयोग होतो. झाडाचे विष ते हेच, आणि औषध तेही हेच.

परंतु मेंदूतल्या मज्जापेशी सहसा विभागत नाहीत. त्यांचा मांडव जन्मभर उभा राहावा लागतो. कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतू सुमारे एक मीटर लांब असतो. त्याच्या टोकापर्यंतचा पुष्कळसा माल पेशीच्या मूळ अंगात तयार होतो आणि या नळ्यांवरून पुढे जातो. वाहून नेणारी प्रथिने वेगळी. कायनेसिन हे त्यांतले एक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशा वाहक प्रथिनांचा अभ्यास झालेला आहे. हा जलद माल दिवसाला जास्तीत जास्त 40 सेंटिमीटर जातो. म्हणजे अंगठा गाठायला अडीच दिवस तरी लागतात!

मग या वाशांना सुंभ कोणता? 1975 साली प्रिन्स्टन येथे कर्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक प्रथिन सापडले. ते असले म्हणजे नळ्या नीट रचल्या जातात. त्याचे नाव टाऊ. त्याची कृती लिहून ठेवणारे जनुक आपल्या 17 व्या गुणसूत्रावर आहे. त्या एका जनुकापासून प्रौढ माणसाच्या मेंदूत टाऊचे सहा प्रकार बनतात. हा सुंभ फार घट्ट नको आणि फार सैलही नको. त्याची बांधणी राखण्यासाठी पेशी त्याला फॉस्फेटचे कण लावते आणि काढते. हे कण नको तितके चिकटले की टाऊ नळीवरून सुटतो आणि आपसांतच पीळ घालून गुंता करतो. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने 1906 साली एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतले जे गुंते सभेपुढे मांडले, ते याच टाऊचे होते असे पुढे कळून आले. त्या रोगात अमायलॉइड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे थरही साचतात. मज्जापेशी मरून गेली तरी कित्येकदा तिचा गुंता मागे उरतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

येथे तुमच्या मनात एक भय आले असेल: हे जनुकाचे आहे, तेव्हा ते आमच्या घराण्यात उतरणार काय? 1998 साली काही कुटुंबांत या जनुकातलाच बिघाड सापडला. त्या घरांत पन्नाशीच्या आसपासच वागणे आणि बुद्धी ढळू लागते. पण अशी कुटुंबे फार विरळा. अल्झायमरच्या रुग्णांत टाऊचे जनुक शाबूत असते. बिघडते ती त्याच्या प्रथिनाची बांधणी. म्हणून आजोबा विसरत होते एवढ्यावरून नातवाने धास्ती घेऊ नये. शिवाय प्रत्येक विसराळूपणा म्हणजे हा रोग नव्हे. थायरॉइडची उणीव, ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता यांनीही स्मृती मंदावते, आणि त्यांवर उपाय आहेत. तेव्हा घरातले माणूस विसरू लागले तर "वय झाले" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. माझी एक आत्या शेवटच्या वर्षांत जेवून उठल्यावर "मला अजून वाढले नाही" म्हणत बसे. तांदळाच्या पुरचुंड्या करून ती ट्रंकेत लपवी. आम्ही म्हणत असू, हट्टी झाली आहे, सुनांना छळायला सोंग करते. एकदा तर मी तिच्यावर ओरडलो. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही कोण?" माझ्या तोंडावर जिने अंगाई गायिली, तिचा तो अहो-जाहोचा प्रश्न मला आजही टोचतो. तिला कोणता रोग होता ते कोणी तपासले नाही, आणि आता कळणारही नाही. पण मी ज्याला तिचा स्वभाव समजलो, तो स्वभाव नव्हता एवढे मला आज कळते.

गेलेली स्मृती परत आणील असे औषध आज आपल्यापाशी नाही. परंतु ज्ञानाने औषध दिले नाही तरी दृष्टी दिली, हेही काही थोडे नाही. झरीच्या त्या म्हाताऱ्याने विषाच्या कंदाकडे गेलेला माझा हात वेळीच धरला. तुमच्या घरात कोणी तीच गोष्ट दहाव्यांदा विचारील, तेव्हा रागाने वर आलेला आपला हात आपणच तसा धरावा, आणि अकराव्यांदाही उत्तर द्यावे. संसारी माणसाला जनुकाचे काय, याचे माझे उत्तर एवढेच आहे.