दाखल किती, पार किती?

बारावीचा निकाल लागला की आमच्या वरकुट्याच्या एस. टी. थांब्यावर सकाळच्या गाडीला गर्दी होते. पोराच्या हातात कागदांची पिशवी, बापाच्या हातात छत्री. पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि तहसीलकडचा उत्पन्नाचा दाखला. कोणी इंदापूरला निघालेला असतो, कोणी बारामतीला, तर कोणी थेट पुण्याला. मी हाडाचा शिक्षक, आता निवृत्त झालो, पण थांब्यावर उभा राहिलो की प्रश्न चुकत नाही, "गुरुजी, पोरीला कुठल्या कॉलेजात घालावी?"

गेल्या खेपेला एका शेतकऱ्याला मी उलट विचारले, "तुम्हांला चांगले कॉलेज कोणते वाटते?" तो चटकन म्हणाला, "जिथं नंबर लागायला मारामार असती, ते चांगलं. जिथं कुणालाबी घेत्यात, तिथं काय राम असणार?"

हे उत्तर एकट्या त्याचे नाही. शहाणीसुरती माणसेही असेच म्हणतात. आज मला याच उत्तराविषयी थोडे बोलायचे आहे.

आपल्या भागात डाळिंबाच्या बागा पुष्कळ. व्यापारी बागेत येतो, मोठी, लालबुंद, बिनडागी फळे तेवढी बाजूला काढतो आणि पेटी भरतो. पेटी उघडली की पाहणाऱ्याचे डोळे निवतात. पण ती फळे व्यापाऱ्याने पिकवली काय? नाही. त्याने ती निवडली. पिकवली ती बागवाल्याने. खत-पाणी त्याने घातले आणि तेल्या रोगाशी झगडलाही तोच. कॉलेजांचेही असेच आहे. नव्वद टक्केवाली मुलेच आत घ्यायची आणि तीन वर्षांनी ती उत्तम पास झाली म्हणून फलक लावायचा, यात निवड मोठी. पिकवणे किती, ते शोधावे लागते. उलट पंचेचाळीस टक्केवाला, घरात पहिलाच कॉलेजची पायरी चढणारा मुलगा घेऊन त्याला पदवीपर्यंत नेणारे कॉलेज खरे बागवाले. तेव्हा दारात किती अडवले, एवढ्यावरून कॉलेजची किंमत करू नये. आत आलेल्यांतले पार किती पोचले, ते विचारावे.

ही गोष्ट काही मी नव्याने सांगत नाही. ज्यांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी कॉलेजे काढली, त्यांना ती पुरती ठाऊक होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. ते चालविताना लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या ताटात भाकरी वाढली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. १९४७ साली याच संस्थेने साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. गरीब मुलाने तिथे राहावे, अंगमेहनतीचे काम करावे आणि शिकावे, अशी त्यामागची कल्पना. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज आपल्या तोंडी आहेत, ते तिथून आले. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतूनही कर्मवीरांच्या नावाने ही योजना चालते.

आता गंमत पाहा. साता समुद्रांपलीकडे अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया नावाचे एक छोटे खाजगी कॉलेज आहे. ते १८५५ साली निघाले. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या माणसांनी ते काढले आणि गोऱ्या-काळ्या मुलामुलींना एका बाकावर बसवले. १९०४ साली सरकारने कायदा करून ते एकत्र बसणे बंद पाडले. १९५० मध्ये दार पुन्हा उघडले. या कॉलेजने १८९२ पासून विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेतलेली नाही. मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला निदान दहा तास काम केलेच पाहिजे. आणि प्रवेश कोणाला? मुख्यतः डोंगराळ मुलखातल्या, ज्यांच्या घरी पैसा नाही अशांना. तिथे श्रीमंती आडवी येते, गरिबी नाही! साताऱ्याचे कॉलेज आणि हे कॉलेज यांच्यामध्ये समुद्र आहे. पण दोघांचे म्हणणे एकच. आपण कोणाला आत घेतो हे आधी ठरवायचे आणि मग त्याला पार नेण्यासाठी लागेल ती व्यवस्था उभी करायची.

आपल्या बारामतीत १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले. जवळ कॉलेज नसले म्हणजे मुलाने पुणे गाठायचे, शंभर किलोमीटरवर खोली आणि खानावळ पाहायची. हे ज्याच्या बापाला झेपेल तोच शिकायचा. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. कॉलेज जवळ आले आणि भाकरी बांधून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा विद्यार्थी जन्माला आला. पुढे इंदापुरातही कॉलेज झाले. जवळच्या कॉलेजने काय साधले, याचे पहिले उत्तर हेच. पण ते पहिले उत्तर झाले, शेवटचे नव्हे.

कर्मवीरांच्या वसतिगृहात वाढलेला एक गरीब मुलगा पुढे विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन प्राचार्य झाला आणि शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. ते बॅरिस्टर पी. जी. पाटील. असे नाव घेतले की ऊर भरून येतो. पण श्रोतेहो, एका फोटोवरून संस्था मोजू नये. प्रत्येक कॉलेजच्या दिवाणखान्यात असे दोन-चार फोटो असतात. प्रश्न त्यांचा नाही. ज्यांचा फोटो कुठेच नाही, त्यांचे काय झाले, हा प्रश्न आहे.

इथे थोडा हिशेब करू. समजा, एका कॉलेजात पहिल्या वर्षाला शंभर मुले दाखल झाली. दुसऱ्या वर्षाला त्यांतली ऐंशी उरली. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला साठ बसली आणि चोपन्न पास झाली. फलकावर काय लिहिले जाईल? 'निकाल नव्वद टक्के.' यात कोणी लबाडी केली असे नाही. साठातले चोपन्न म्हणजे नव्वद टक्केच. परीक्षेला बसलेल्यांवरच निकाल काढायचा, अशी रीत आहे. कॉलेजांची पारख करणारी 'नॅक' ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. तिच्या तक्त्यातही उत्तीर्णांचे प्रमाण शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांवरूनच काढतात. पण बापाच्या दृष्टीने हिशेब वेगळा आहे. शंभर बापांनी पोरे पाठवली. चोपन्न पार पडली. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. उगवण किती झाली, याचा हिशेब तो पेरलेल्या बियाण्यावर करतो, शेवटी उभ्या राहिलेल्या ताटांवर नाही.

मग मधली ती चाळीस मुले गेली कुठे? त्यांतल्या एकीची हकिकत सांगतो. कॉलेजचे नाव नको, मुलीचेही नको. माझीच विद्यार्थिनी. बारावीला कला शाखेत चांगली पास झाली. घरची कालवड विकून बापाने प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरायचा होता. बँकेच्या खात्याला आधार जोडलेले नव्हते, म्हणून तो अडकला. कॉलेजचा शेवटचा तास चुकवला तरच परतीची गाडी मिळे. म्हणून तो तास रोज बुडे आणि हजेरी कमी पडे. इंग्रजीत नापास झाली. 'एटीकेटी' मिळाली, म्हणजे पुढच्या वर्गात बसून मागचा विषय सोडवायची सवलत. पण घरी कोणाला हा शब्द कळला नाही. "नापास झाली" एवढेच कळले. दिवाळीनंतर ती गेलीच नाही. फाल्गुनात लग्न झाले.

मला याची बातमी लग्नपत्रिकेने कळली. कॉलेजने एक पत्र धाडले नाही, हे खरे. पण मी तरी काय केले? ती पास झाली तेव्हा शाळेच्या फळ्यावर तिचे नाव मी मोठ्या अक्षरांत लिहिले होते. त्यानंतर वर्षभर तिच्या घरावरून गेलो, आणि एकदाही आत डोकावून विचारले नाही, "पोरी, कसे चालले आहे?" एक गाडी, एक कागद आणि एक न कळलेला शब्द, एवढ्यावर ती गेली. तिची बुद्धी कमी पडली नव्हती.

आता नवे धोरण आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा अभ्यासक्रम तीन किंवा चार वर्षांचा झाला. ठरलेले श्रेयांक पुरे करून एका वर्षानंतर बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी. मध्येच सोडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते. मात्र सगळे मिळून सात वर्षांत पुरे करावे लागते. ही सोय चांगली. माझ्या त्या विद्यार्थिनीला ती मिळती तर कदाचित उपयोगी पडती. पण एक सावधगिरी हवी. बाहेर पडायला दार केले म्हणून कोणी मुलाला त्या दाराकडे ढकलू नये. परत येता येते, हे घरी सांगणारा माणूस नसेल तर ते दार एकाच बाजूने उघडते.

दुसरा प्रश्न नेहमीचा. "गुरुजी, आर्ट्स करून काय मिळतं?" २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत पदवीच्या शंभर विद्यार्थ्यांमागे चौतीस कला शाखेचे होते. सर्वांत मोठी शाखा हीच. ही सगळी मुले वाया गेली असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. आपल्याच पुणे जिल्ह्यात, लवळ्याला, फ्लेम नावाचे खाजगी विद्यापीठ आहे. तिथे इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य, मानसशास्त्र असे विषय एकत्र शिकतात आणि शहरांतली मुले त्यासाठी परीक्षा आणि मुलाखत देऊन जातात. शहरात ज्याला मान आहे, तेच आपल्या गावात 'काहीच जमलं नाही म्हणून आर्ट्स' कसे होते? विषय तेच आहेत. फरक पडतो तो शिकवणाऱ्याच्या कसाने, ग्रंथालयाने आणि तीन वर्षे पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसांनी.

म्हणून प्रवेशाला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका, चार प्रश्न घेऊन जा. पहिला: तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती मुले होती, आणि त्यांतली किती आज पदवी घेऊन बाहेर पडली? दुसरा: बाहेर पडलेली काय करतात? पुढे शिकतात, नोकरीत आहेत, धंद्यात आहेत, शेतीत आहेत, की पत्ताच नाही? 'पत्ता नाही' हेही उत्तरच आहे, ते लिहून घ्या. तिसरा: शिष्यवृत्तीचा अर्ज अडला तर कोणत्या टेबलाशी जायचे, आणि तिथे माणूस बसतो का? चौथा: शेवटचा तास आणि परतीची गाडी यांचा मेळ बसतो का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण मुलीच्या बापाने तो सगळ्यांत आधी विचारावा.

कॉलेजचे लोक रागावतील, अशी भीती बाळगू नका. चांगले कॉलेज या प्रश्नांनी खूश होते. कारण त्याने हा हिशेब आधीच मांडलेला असतो.

आणि आता दोन शब्द माझ्या शिक्षक बंधुभगिनींना. आपण बारावीच्या निकालाची वही ठेवतो. तिच्या शेवटी आणखी चार पाने जोडा. गावातून कोण कोणत्या कॉलेजात गेले, ते एका ओळीत लिहा. दिवाळीला त्या ओळीपुढे एक खूण करा, होळीला दुसरी. ज्याच्यापुढे खूण करता आली नाही, त्याच्या घरी जाऊन चहा प्या. एटीकेटी म्हणजे काय, ते आजीलासुद्धा समजेल असे सांगा. याला सरकारी परिपत्रक लागत नाही, अनुदानही लागत नाही. मी हे काम निवृत्त झाल्यावर सुरू केले. तेव्हाच केले असते, तर एक लग्नपत्रिका दोन वर्षे उशिरा छापली गेली असती.

थांब्यावरच्या त्या शेतकऱ्याला मी हे चार प्रश्न कागदावर लिहून दिले. त्याने ते वाचले, घडी घालून टोपीत ठेवले आणि म्हणाला, "गुरुजी, बियाणं घेताना आम्ही एवढं इचारतोच की. पोरीच्या बाबतीत कसं इचारलं न्हाई?"

गाडी आली. बाप-लेक चढली. तुम्हीही तुमच्या गाडीत चढण्यापूर्वी तो कागद बरोबर घ्या, एवढेच सांगून रजा घेतो. नमस्कार.