सरासरीचा आडोसा

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचा 2004-05 चा संपूर्ण हंगाम वेतनाच्या तंट्यापायी बुडाला. पुढील हंगामापासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर 3 कोटी 90 लक्ष डॉलरांची मर्यादा आली. मात्र खेळाडूचा वार्षिक भार कराराच्या सरासरीने मोजावयाचा होता, आणि हिशेबी मंडळींना एवढी फट पुरेशी असते! 2010 मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्स संघाने इल्या कोवालचुकशी 17 वर्षांचा, 10 कोटी 20 लक्षांचा करार केला. ऐन उमेदीची पाच वर्षे सालीना 1 कोटी 15 लक्ष. चाळिशीच्या आसपासची शेवटची पाच वर्षे अवघे साडेपाच लक्ष. सरासरी उतरली 60 लक्षांवर. लीगने करार फेटाळला आणि लवादानेही लीगचीच बाजू उचलून धरली. 2013 च्या समझोत्याने मुदतीवरच आठ वर्षांची मर्यादा घातली. दुसऱ्या संघाच्या खेळाडूसाठी सातच.